खेळाचा संगणक आणि घरचा हिशेब

गेल्या दिवाळीपूर्वीं, म्हणजे २०२५ च्या ऑक्टोबर महिन्यांत, इंदापूर तालुक्यांतील एक पालक आपल्या नववींतील मुलास बरोबर घेऊन मजकडे आले. त्यांच्या हातांत एका दुकानदारानें लिहून दिलेला कागद होता. त्यावर अठ्ठावन्न हजारांचा आंकडा होता व शेजारीं "गेमिंग संगणक, रंगीत दिव्यांसह" असें लिहिलेलें होतें. मुलाचा चेहरा आशेनें फुललेला, तर बापाचा चिंतेनें आंखडलेला. मुलाची थोरली बहीण बारामतीस अभियांत्रिकीच्या पदविकेचें शिक्षण घेत आहे. तिच्या वसतिगृहाची रक्कम त्याच पंधरवड्यांत भरावयाची होती. उसाचा दिवाळीचा हप्ता हातीं आला होता, आणि तो एक हप्ता ह्या दोन खर्चांत वांटावयाचा होता. ते गृहस्थ म्हणाले, "सर, ह्या कागदांत संगणक किती आणि दिवे किती, तेवढें वेगळें करून द्या. बाकीचें आम्ही पाहून घेऊं."

त्या कागदावर आम्हीं तिघांनीं दोन संध्याकाळीं बसून जो हिशेब केला, तोच येथें विस्तारानें मांडीत आहें. असाच कागद पुढें केव्हां तरी आपणांपैकीं अनेकांच्या हातीं येणार आहे.

प्रथम खेळ चालतो म्हणजे काय होतें, हें समजून घेतलें पाहिजे. पडद्यावरील हालचाल ही खरी हालचाल नसून एकामागून एक झरझर येणाऱ्या स्थिर चित्रांची मालिका असते. सेकंदास ६० चित्रें आलीं म्हणजे खेळ डोळ्यास सलग वाटतो. ३० पर्यंत उतरलीं तरी चालवून घेतां येतें. त्याहून खालीं गेलीं कीं हात आणि डोळा ह्यांचा मेळ तुटतो. सेकंदास ६० म्हणजे एका चित्रास सुमारें १६.७ मिलिसेकंद. एवढ्या अवधींत कोणतें पात्र कोठें आहे, चेंडू कोणत्या दिशेनें गेला, भिंत पडली कीं राहिली, ह्याचा निवाडा प्रोसेसरनें करावयाचा, आणि त्या निवाड्याप्रमाणें पडद्याचा प्रत्येक ठिपका ग्राफिक्स कार्डानें रंगवावयाचा.

हे ठिपके किती, तें मुलांनीं स्वतःच गुणून पाहावें. नेहमींच्या पडद्यावर १९२० आडवे व १०८० उभे, म्हणजे एकंदर २०,७३,६०० ठिपके असतात. २५६० गुणिले १४४० ह्या पडद्यावर ते ३६,८६,४०० होतात. आणि ज्यास फोर-के म्हणतात त्या पडद्यावर ८२,९४,४००, म्हणजे पहिल्याच्या बरोबर चौपट. दुकानदार "थोडे पैसे अधिक घाला, मोठा पडदा घ्या" असें म्हणतो तेव्हां तो कार्डावर किती काम वाढवीत आहे, हें ह्या गुणाकारावरून कळतें. पडद्याचे पैसे एकदांच द्यावयाचे असतात, परंतु त्यास साजेसें कार्ड पुढें प्रत्येक वेळीं महाग पडतें. थोडक्या पैशांत खेळावयाचें असेल तर १९२० गुणिले १०८० हीच आपली मर्यादा असें प्रथमच ठरवून टाकावें.

दुसरी गोष्ट अडसराची. आपल्या भागांतील मुलांस ती पाटाच्या पाण्यावरून चटकन् कळेल. नीरा डाव्या कालव्यास पाणी कितीहि सुटलेलें असो, शेतापर्यंत येणारी चारी अरुंद असेल तर उसास चारींतून येईल तेवढेंच पाणी मिळावयाचें. अशा वेळीं कालवा रुंद करून उपयोग नाहीं. चारी उकरली पाहिजे. संगणकाचेंहि तसेंच आहे. प्रोसेसर उत्तम आणि कार्ड दुबळें असेल तर प्रोसेसर हात जोडून बसतो. कार्ड उत्तम आणि प्रोसेसर जुना असेल तर कार्ड रिकामें राहतें. त्या अठ्ठावन्न हजारांच्या कागदांत नेमकी हीच खोड होती. आठ गाभ्यांचा महाग प्रोसेसर, त्यापुढें अवघ्या ४ जीबी स्मृतीचें हलकें कार्ड, १६ जीबी रॅमची एकच पट्टी, आणि पॉवर सप्लायच्या रकान्यांत नांवच नाहीं, फक्त "४५० वॅट". उलट कांचेची पेटी, सहा रंगीत पंखे आणि झगमगता कळफलक ह्यांचीं नांवें मात्र पूर्ण लिहिलेलीं. आम्हीं प्रथम त्या तीन ओळींवर काट मारली, तेव्हांच कित्येक हजारांची बचत झाली. मुलाचा चेहरा थोडा उतरला हें खरें. परंतु दिव्यांनीं एकहि चित्र अधिक निघत नाहीं, हें त्यानें मान्य केलें.

मग प्रश्न आला कीं, संपूर्ण यंत्र आजच घ्यावयाचें कीं हप्त्याहप्त्यानें? शेतकऱ्याच्या घरीं पैसाच हप्त्याहप्त्यानें येतो, तेव्हां यंत्रहि तसेंच वाढावें हें मला सोयीचें वाटतें. मात्र त्यासाठीं पाया असा निवडावा लागतो कीं पुढील भाग त्यावर बसेल. पाया म्हणजे मदरबोर्ड, आणि मदरबोर्डाचा मर्मबिंदु म्हणजे त्यावरील प्रोसेसरचें बैठें, ज्यास सॉकेट म्हणतात. एएमडी कंपनीचें एएम-४ नांवाचें बैठें २०१६ त निघालें. त्यावर पुढें अनेक वर्षें नवे प्रोसेसर येत राहिले, आणि २०१७ चा मदरबोर्ड घेतलेल्या कित्येकांनीं केवळ बायॉस अद्ययावत् करून २०२२ चा प्रोसेसर त्यावर बसविला. ह्याच्या उलट उदाहरण इंटेलचें. त्यांचें एलजीए-११५१ हें बैठें २०१५ त आलें. २०१७ त आठव्या पिढीचे प्रोसेसर निघाले ते आकारानें त्याच बैठ्याचे, तरीहि जुन्या मदरबोर्डांवर चालत नव्हते. म्हणून "बसतो" आणि "चालतो" ह्या दोन शब्दांतील अंतर लक्षांत ठेवावें. मदरबोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी दिलेली असते. ती पाहिल्यावांचून पैसे काढूं नयेत. एएमडीचें नवें एएम-५ बैठें २०२२ त आलें. त्यास पुढें वाढीस अधिक वाव आहे, परंतु त्याला डीडीआर-५ जातीची मेमरी लागते आणि पहिलाच खर्च मोठा होतो.

आम्हीं रायझेन ५ ५६००जी हा २०२१ चा प्रोसेसर निवडला. त्याच्या पोटांतच एक लहानसा चित्र काढणारा भाग आहे, त्यामुळें पहिल्या दिवशीं वेगळें कार्ड घ्यावें लागत नाहीं. व्हॅलोरंटसारखे हलके खेळ त्यावर १०८० च्या पडद्यावर चालतात. जड खेळांस पडदा १२८० गुणिले ७२० पर्यंत उतरवावा लागतो. त्यांत ठिपके ९,२१,६००, म्हणजे १०८० च्या निम्म्याहूनहि कमी. चित्र थोडें पुसट दिसतें, पण खेळ थांबत नाहीं.

अशा पोटांतल्या कार्डास स्वतःची स्मृति नसते. तें मुख्य मेमरीच वापरतें. म्हणून येथें १६ जीबीच्या एका पट्टीपेक्षां ८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्याव्या. एका पट्टीनें एकच मार्ग उघडतो, दोन पट्ट्यांनीं दोन उघडतात. पैसे जवळजवळ तेवढेच, परंतु खेळाचा वेग लक्षांत येईल इतका वाढतो. ह्या एका दुरुस्तीवर मुलगा इतका खूष झाला कीं पुढें त्यानें आपल्या दोन मित्रांच्या घरचीं यंत्रें उघडून पाहिलीं. (वडिलांच्या परवानगीनें, असें तो सांगतो.) त्या सुमारास मेमरीचे भाव चढूं लागले होते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांची मागणी वाढल्यामुळें २०२५ च्या अखेरीस ते फारच वर गेले. तेव्हां घरांत जुनें यंत्र असेल तर त्यांतील डीडीआर-४ च्या पट्ट्या भंगारांत देऊं नका. मात्र डीडीआर-४ ची पट्टी डीडीआर-५ च्या खांचेंत बसत नाहीं. दोहोंची खांच वेगळ्या जागीं असते, जोर करून बसवूं गेल्यास दोन्ही फुकट जातील.

साठवणीसाठीं ५०० जीबीची एसएसडी घेतली. फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कपेक्षां ती कित्येक पटींनीं जलद. खेळ लौकर उघडतो. सेकंदास येणारीं चित्रें मात्र तिच्यामुळें फारशीं वाढत नाहींत.

आतां ज्या भागाकडे कोणीच पाहत नाहीं त्याविषयीं थोडें सविस्तर लिहितों. पॉवर सप्लायच्या पेटीवर मोठ्या अक्षरांत जो वॅटचा आंकडा असतो त्यावर विसंबूं नका. बाजूच्या चिठ्ठीवर १२ व्होल्टच्या रकान्यांत किती अँपिअर दिले आहेत तें वाचा. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, हें सूत्र आपल्या पाठ्यपुस्तकांत आहेच. त्या कागदांतील पेटी आम्हीं दुकानांत जाऊन उलटून पाहिली. वर ४५० वॅट. चिठ्ठींत १२ व्होल्टखालीं १६ अँपिअर. बारा सोळे एकशें ब्याण्णव. प्रोसेसर आणि कार्ड दोघेहि मुख्यतः १२ व्होल्टवरच चालतात. ५६००जी पूर्ण भारांत सुमारें ८८ वॅट ओढतो. पुढें जें कार्ड घ्यावयाचें मनांत होतें त्या आरएक्स ६६०० ची गरज १३२ वॅटची. बेरीज २२०, आणि पंखे वगैरे निराळेच. म्हणजे ४५० वॅटची म्हणविणारी ती पेटी पहिल्याच जड खेळांत हात टेकणार. अशी पेटी नुसती बंद पडली तर नशीब. कधीं कधीं ती जातांना मदरबोर्ड घेऊन जाते. आमच्या स्वतःच्या घरीं दहा वर्षांपूर्वीं असेंच झालें होतें, आणि सातआठशें रुपये वाचविण्याच्या नादांत मीं नऊ हजारांचें यंत्र घालविलें. म्हणून येथें नांवाजलेल्या कंपनीची, निदान ५०० ते ५५० वॅटची पेटी घ्यावी. "८० प्लस" हा शिक्का असणें चांगलें, परंतु तो शिक्का वीज किती वांया जाते एवढेंच सांगतो. बांधणीच्या टिकाऊपणाची हमी नव्हे.

यंत्र चांगलें असून घरची वीज वाईट असेल तर काय उपयोग? आपल्या वाड्यावस्त्यांवर व्होल्टेजचा चढउतार हा नित्याचा अनुभव आहे. तीन कांड्यांच्या पिनेची तिसरी कांडी मोडून ती दोन भोकांत घालण्याची जी सवय आहे ती प्रथम सोडावी. ती तिसरी कांडी जमिनीशीं संबंध जोडते. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यांत कोरडा पडतो, त्यांत अधूनमधून पाणी घालीत जावें. यूपीएस घेतला तर त्यावर ६०० व्हीए असें लिहिलेलें असलें तरी वॅट साधारणतः ३६० च मिळतात, हें ध्यानांत ठेवावें. आणि वीज गेल्यावर खेळ पुढें रेटण्यासाठीं तो नसून काम जपून यंत्र बंद करण्यापुरताच असतो.

धुळीची गोष्ट याहून स्थानिक आहे. गाळपाच्या हंगामांत साखर कारखान्यांच्या आसपास चिमणीच्या राखेचे काळे कण अंगणांतल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतात, हें भवानीनगरकडील मंडळींस सांगावयास नको. तेच कण यंत्राच्या पंख्यांत जातात. शिवाय वैशाखांत पत्र्याखालच्या खोलींत हवा चाळिसांवर जाते. ज्या यंत्राचा गाभा २५ अंशांच्या खोलींत ७५ अंश तापतो तो ४० अंशांच्या खोलींत नव्वदीस टेकतो, कारण हवेपेक्षां तो जेवढा अधिक तापतो तें अंतर जवळजवळ कायम राहतें. आणि मग यंत्र स्वतःच्या रक्षणासाठीं आपला वेग उतरवितें. म्हणून कांचेच्या बंद तोंडापेक्षां जाळीचें तोंड असलेली साधी पेटी घ्यावी, ती जमिनीवर न ठेवतां टेबलावर ठेवावी, आणि महिन्यांतून एकदां मऊ कुंचल्यानें झाडावी. पंखा झाडतांना त्याचें पातें बोटानें धरून ठेवावें. कित्येकदां "यंत्र जुनें झालें, नवें घ्या" असा हट्ट ह्या एका झाडणीनें आणि प्रोसेसरवरील पेस्ट बदलल्यानें मिटतो.

पडदा पहिल्या हप्त्यांत घेतलाच नाहीं. घरांत दूरदर्शन संच होता, त्यासच एचडीएमआय तार जोडली. त्याच्या व्यवस्थेंत "गेम मोड" नांवाची कळ असते. ती लावली नाहीं तर बटण दाबल्यावर पडद्यावर हालचाल दिसण्यास उशीर होतो. आजींची मालिका रात्रीं आठ ते नऊ, त्या वेळीं खेळ बंद, हा ठराव वडिलांनीं केला. एकंदर खर्च अठ्ठावीस हजारांवर आला, आणि वसतिगृहाची रक्कम वेळेवर भरली गेली.

ह्याहूनहि कमी पैसे असतील तर पुण्यामुंबईच्या कचेऱ्यांतून काढून टाकलेले जुने संगणक मिळतात. पुण्यास बुधवार पेठेंत तपकीर गल्लीच्या परिसरांत, मुंबईस लॅमिंग्टन रस्त्यावर, आणि अलीकडे बारामतींतहि त्यांची विक्री होते. त्यांत दोन गोष्टी पाहाव्या. एक, विंडोज १० ची मोफत सेवा मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपविली. विंडोज ११ साठीं सामान्यतः इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढील प्रोसेसर लागतो. चौथ्या व सहाव्या पिढीचीं यंत्रें आज इतकीं स्वस्त दिसतात, त्याचें हें एक कारण आहे. दुसरी, पेटीचा आकार. अगदीं चपट्या पेटींत उंच कार्ड मावत नाहीं आणि तिचा पॉवर सप्लायहि त्याच कंपनीच्या खास मापाचा असतो, तो बदलतां येत नाहीं. उभी, रुंद पेटी पाहून घ्यावी. अशा यंत्रांस १६५० जातीचीं कांहीं कार्डें चालतात. तीं ७५ वॅटच्या आंत मदरबोर्डाकडूनच वीज घेतात व वेगळी तार मागत नाहींत.

जुन्या कार्डांच्या बाजारांत मात्र डोळ्यांत तेल घालून फिरावें. २०२२ च्या सप्टेंबरांत इथेरियम ह्या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि तें "खणण्यासाठीं" रात्रंदिवस राबविलेलीं असंख्य कार्डें बाजारांत आलीं. तीं सर्वच वाईट नसतात, परंतु त्यांचे पंखे झिजलेले असतात. कांहीं लबाड लोक जुन्या कार्डावर नव्याचें नांव चढवितात. जीपीयू-झेड नांवाचा मोफत प्रोग्राम चालविला तर पुष्कळदां हें सोंग उघडें पडतें. दुकानांतच अर्धा तास जड खेळ चालवून पाहावा. एनव्हिडियाच्या १०६० सारख्या २०१६ च्या पिढीच्या कार्डांस खेळांसाठींचीं नवीं ड्रायव्हरें देणें कंपनीनें २०२५ च्या ऑक्टोबरपासून थांबविलें आहे, तेंहि भाव ठरवितांना बोलून दाखवावें.

फेब्रुवारींत चालू हंगामाच्या उसाचा पहिला हप्ता आला तेव्हां त्या मुलानें वडिलांबरोबर पुण्यास जाऊन वापरलेलें आरएक्स ६६०० आणि एक १०८० चा पडदा आणला. दोन्ही मिळून एकोणीस हजार. सव्वाशे किलोमीटरांहून अधिक लांबचा एस्. टी. चा प्रवास त्यानें कार्डाचें खोकें मांडीवर ठेवून केला. ह्या कार्डाविषयीं एक बारकावा सांगण्याजोगा आहे. तें मदरबोर्डाशीं आठ मार्गिकांनीं बोलतें. ५६००जी ह्या प्रोसेसरच्या मार्गिका एक पिढी जुन्या आहेत, तरी आठ असल्यामुळें नुकसान थोडकेंच होतें. पहिल्या कागदांतील ४ जीबीच्या कार्डास मार्गिका चारच होत्या, आणि स्मृति अपुरी. त्याची अशा यंत्रांत पुरती कोंडी झाली असती.

कार्ड बसविलें, आणि खेळाचा वेग तसूभरहि वाढला नाहीं! तीन दिवस मुलगा हिरमुसला, वडील विक्रेत्यास दूरध्वनि करीत राहिले. चौथ्या दिवशीं मी गेलों आणि मींहि अर्धा तास ड्रायव्हर तपासण्यांत घालविला. शेवटीं बहीण सुटीस आलेली होती, तिनें मागें वांकून पाहिलें आणि विचारलें, "सर, पडद्याची तार जुन्याच भोकांत कां आहे?" तार मदरबोर्डाच्या भोकांत होती, ती कार्डाच्या भोकांत घालावयास हवी होती. नवें कार्ड तीन दिवस नुसतें बसून होतें. विक्रेत्याची क्षमा मागण्याचें काम वडिलांनीं मुलाकडे दिलें.

वेग कमी वाटल्यास अडसर कोठें आहे हें पाहण्याची रीत सोपी आहे. खेळ चालूं असतां कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ह्या कळा एकदम दाबाव्या म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो. कार्डाचा आंकडा ९५ ते १०० च्या घरांत असेल तर कार्ड पूर्ण राबत आहे. अधिक चित्रें हवीं असल्यास खेळांतील सावल्या वगैरे उतरवाव्या. कार्ड साठावर रेंगाळत असेल आणि चित्रेंहि कमी येत असतील तर बहुधा प्रोसेसर मागें पडत आहे. मेमरी काठोकाठ भरली असेल तर तीच वाढवावी.

पालकांस दोन शब्द. खेळाच्या खोक्यावर किंवा दुकानाच्या पानावर वयाची मर्यादा दिलेली असते. जीटीए ५ हा १८ वर्षांवरील व्यक्तींसाठीं आहे, मग तो गांवांत कितीहि मुलें खेळत असोत. पैसे लावून खेळण्याचे ऑनलाइन खेळ केंद्र सरकारच्या २०२५ च्या कायद्यानें बंद केले आहेत. उलट चांगल्या खेळांची उणीव नाहीं. "राजी" हा २०२० चा खेळ पुण्याच्याच नोडिंग हेड्स ह्या मंडळीनें केला आहे. त्यांत एक मुलगी हरवलेल्या भावाच्या शोधांत निघते, आणि भिंतींवरचीं चित्रें व वाडे आपल्या देशांतले दिसतात. ह्याच पुण्यांत १९९१ त सी-डॅकच्या मंडळींनीं डॉ. विजय भटकर ह्यांच्या नेतृत्वाखालीं परम ८००० हा महासंगणक उभा केला. त्याहून कितीतरी अधिक गणितें आज एस्. टी. त मांडीवर धरून आणलेलें ते कार्ड एका सेकंदांत करतें.

एप्रिलमध्यें ते गृहस्थ पुन्हां भेटले. मुलगा आतां रॅम ३२ जीबी करा म्हणून मागें लागला होता. मीं टास्क मॅनेजरचें चित्र मागविलें. जड खेळांत १६ पैकीं ११ च भरत होत्या. बहिणीच्या आराखड्यांच्या कामास त्याहूनहि कमी. तेव्हां ते पैसे राखून ठेवण्यास सांगितलें, आणि मुलास पंखे झाडावयास लावलें. तीन महिन्यांची राख त्यांत सांचली होती.